संत गाडगेबाबा : आधी खराटा, मग टाळ



दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं संत गाडगेबाबांचं चरित्र सांगायची सेवा आमच्या वाट्याला आली. मंडळी आम्हाला नेहमी विचारतात, पूर्वी एका भजनानं अख्खा गाव गोळा व्हायचा, आता का होत नाही? त्याचं उत्तर बाबांच्या चरित्रात आहे.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यात शेंडगाव इथं, परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाकडे डेबूजीनं गुरं राखली, औत हाकलं. शाळेचं तोंड काही पाहिलं नाही. मामाची शेती सावकारी कर्जात बुडाली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं लग्न झालं. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं.

1 फेब्रुवारी 1905 ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचं गाडगं. त्या गाडग्यावरूनच लोक गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. रस्ते, गटारं झाडायचे. ते पाहून दोघं-चौघं पुढं यायचे, मग गाव यायचा. रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोली, समोर बसलेल्यांना सरळ प्रश्न. देव कुठं आहे, कर्ज काढून सण का करता, दारू का पिता, पोराला शाळेत का घालत नाही? उत्तर लोकांनीच द्यायचं. मधे गोपाळाचं भजन, तेही सगळ्यांनी म्हणायचं. नुसतं ऐकत बसायची सोय तिथं नव्हती. कुणी पाया पडू लागला तर बाबांना चालायचं नाही.

पंढरीला वारीत बाबा यायचे ते वाळवंट झाडायला. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांची सोय केली. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली.

आता आपल्या उपनगरातली गोष्ट. 8 नोव्हेंबर 1956 रोजी वांद्र्याला पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं. तेच शेवटचं म्हणतात. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून आजही ऐकायला मिळतं. वय ऐंशी, तरी आवाज खणखणीत. त्यानंतर 42 दिवसांनी, 20 डिसेंबर 1956 ला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी देह ठेवला.

माउली, तेच कीर्तन आज खिशातल्या मोबाईलवर वाजतं. बोरिवलीच्या गाडीत एकजण कानात घालून ऐकतो, शेजाऱ्याला पत्ता नसतो. मग माणसं जोडायची कशी? पण त्याच गाडीत भजनी मंडळ टाळ वाजवतं, तिथं साहेब आणि शिपाई एका सुरात म्हणतात. म्हणजे भजनाची ताकद गेली नाही, म्हणणारे कमी झाले. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला सप्ताह होतात. मांडव मोठा, भोंगे मोठे, गाणारा वर आणि बाकीचे खाली फोटो काढतात. मांडव झाडायला मात्र भाड्याची माणसं.

आमच्या मते बाबांनी गाव जोडला तो नुसत्या गळ्यानं नाही. ज्यांनी सकाळी बरोबर खराटा धरला, तेच रात्री बरोबर गायले. आपल्या दिंडीतही जो पालं ठोकतो, पाणी भरतो, उष्टी काढतो, त्याचाच टाळ शेजारच्याशी जुळतो. पुढच्या शंभर वर्षांत विणेकऱ्यानं आणि टाळकऱ्यानं मुक्कामाची जागा आधी हातानं झाडावी, मग चाल लावावी. एवढंच मागणं संतांच्या पायाशी.