दोन तालमी : जो लुईसचे जीवन आणि मोठेपणाचे माप



मुष्टियुद्धाचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिले नाव येते ते मुहम्मद अलीचे. १९६४, १९७४ आणि १९७८ असे तीन वेळा हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविणारा हा वीर आपल्याला आपला वाटतो, यात नवल नाही. पण आजच्या तरुणांना विचाराल तर ते युक्रेनच्या उसिकचे नाव घेतील. मे २०२४ मध्ये रियाध येथे त्याने सहा फूट नऊ इंच उंचीच्या टायसन फ्युरीला गुणांवर हरविले आणि चारही संघटनांची विजेतेपदे एका हाती आणली. घरातील एखादे वृद्ध मात्र हे सारे ऐकून हसतील आणि जो लुईसचे नाव घेतील. मग वाद सुरू होतो. थोर कोण, आजचा की कालचा? आपणही या वादात कधीतरी पडला असाल. पुन्हा पडण्यापूर्वी या जो लुईसचे जीवन एकदा नजरेखालून घालावे, एवढीच आपल्याला विनंती आहे.

हा वाद यंत्राकडून सोडवून घेण्याचाही एक प्रयत्न झाला होता. १९६७ मध्ये अमेरिकेत एका आयोजकाने जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकाला पुरविली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकविल्या. त्यात अली चक्क हरला, आणि त्याने आयोजकावर दावाच लावला. पुढे अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांची लुटुपुटूची लढत चित्रित करून जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. त्यात मार्सियानोला विजयी ठरविले गेले. पण तो निकाल पाहायला तो जिवंत नव्हता, १९६९ मध्येच विमान अपघातात त्याचा अंत झाला होता. लोकांची करमणूक झाली. वाद मात्र होता तेथेच राहिला. यंत्राला ठोशांचे आकडे सांगता आले, ठोसा मारणाऱ्याच्या खांद्यावर किती ओझे होते ते सांगता आले नाही. ते समजण्यास जीवनच पाहावे लागते.

जो लुईस बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, कापूस पिकविणाऱ्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याचे पूर्वज गुलाम होते. जो लहान असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आई लिली हिने पुनर्विवाह केला आणि १९२६ च्या सुमारास हे मोठे कुटुंब पोटासाठी उत्तरेला, मोटारींच्या डेट्रॉइट शहरात आले. खेड्यातील शाळेत जेमतेम शिकलेला जो शहरातील शाळेत मागे पडला. त्याला सुतारकामाच्या शाळेत घालण्यात आले. मुलाला एखादी कला यावी म्हणून आई पदराला खार लावून व्हायोलिनच्या शिकवणीचे पैसे देई. जो ते पैसे मुष्टियुद्धाच्या तालमीत भरू लागला.

वाचकहो, पुढे जगज्जेता होणाऱ्या या मुलाची पहिली लढत कशी झाली असेल, असे आपल्याला वाटते? १९३२ मधील त्या हौशी लढतीत तो सात वेळा खाली पडला आणि हरला. पण तालीम सोडली नाही. दोनच वर्षांनी तो हौशी गटाचा राष्ट्रीय विजेता झाला आणि ४ जुलै १९३४ रोजी शिकागोत व्यावसायिक रिंगणात उतरला.

येथे त्याला जॅक ब्लॅकबर्न नावाचा वस्ताद मिळाला. एकेकाळचा हा कसलेला मुष्टियोद्धा होता, आणि काळ्या माणसाला पंचांच्या कृपेवर जिंकता येत नाही हे त्याने स्वतः भोगले होते. दोन्ही हातांत एवढी ताकद आण की निकाल पंचाकडे जाऊच नये, ही त्याची शिकवण. व्यवस्थापकांनी दुसरी शिस्त लावली. प्रतिस्पर्धी पडला तर हसायचे नाही, बढाई मारायची नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे नाही. कारण काय, तर जॅक जॉन्सन. हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता १९०८ ते १९१५ पर्यंत गादीवर होता. तो मनमोकळा, बेदरकार वागला आणि गोऱ्या अमेरिकेने त्याचा सूड पुढच्या पिढीवर उगवला. जॉन्सन हरल्यानंतर बावीस वर्षे एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला त्या विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. म्हणजे लुईसला केवळ लढती जिंकायच्या नव्हत्या, एक बंद दार उघडायचे होते. आणि ते तोंड मिटून उघडायचे होते.

१९३५ मध्ये त्याने कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना लोळविले. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि येथेच तो घसरला. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगशी १९ जून १९३६ रोजी लढत ठरली, तेव्हा लुईस सरावापेक्षा गोल्फमध्ये अधिक रमला होता. श्मेलिंगने मात्र अभ्यास केला होता. डाव्या हाताचा ठोसा मारल्यावर लुईसचा तो हात खाली येतो, हे त्याने हेरून ठेवले होते. बाराव्या फेरीत लुईस आडवा झाला. काळ्या वस्त्यांत त्या रात्री लोक रडले, आणि जर्मनीत नाझींनी हा वंशश्रेष्ठतेचा पुरावा म्हणून मिरविला.

लुईस परत तालमीत गेला. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत बाद करून तो जगज्जेता झाला. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे सत्तर हजार लोकांसमोर श्मेलिंग पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला. या वेळी सारे १२४ सेकंदांत संपले. श्मेलिंग तीन वेळा पडला आणि लढत थांबविण्यात आली. ज्या देशात लुईसला अनेक हॉटेलांत गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, त्या साऱ्या देशाने त्याला त्या रात्री आपला म्हटले.

श्मेलिंगवरही अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. तो नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचविले. पुढे तो आणि लुईस जिवलग मित्र झाले.

आता आकडे पाहू. लुईसने ११ वर्षे ८ महिने गादी सांभाळली आणि ओळीने २५ वेळा ती राखली. हेवीवेट गटात एवढी मजल पुढे कोणी मारली नाही. व्लादिमीर क्लिच्को २००६ ते २०१५ अशी नऊ वर्षे गादीवर होता, पण त्या काळात त्याने ती १८ वेळा राखली. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत लुईस सात वेळा विजेतेपद पणाला लावून लढला. आजचे विजेते वर्षाकाठी एक-दोनदा लढतात.

पण वकिली करायची तर दोन्ही बाजूंनी करावी. लुईसचे अनेक प्रतिस्पर्धी दुबळे होते, अशी टीका तेव्हाच झाली होती आणि ती अगदीच खोटी नाही. तो सहा फूट दोन इंच उंच आणि सुमारे ९० किलो वजनाचा होता. फ्युरीसारख्या योद्ध्याचे वजन ११५ किलोंच्या वर असते. शिवाय जून १९४१ मधील बिली कॉनबरोबरची लढत आठवा. अंगाने हलक्या पण चपळ कॉनने लुईसला बारा फेऱ्या खेळविले. तिघांपैकी दोन पंचांच्या गुणपत्रकांवर तो पुढे होता, तिसऱ्याकडे बरोबरी होती. तेराव्या फेरीत लुईसने त्याला गाठले आणि बाद केले. तेव्हा विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा तरुण मुष्टियोद्धा किम याचा लढतीनंतर मृत्यू झाला आणि त्यानंतर हळूहळू सर्वत्र बारा फेऱ्यांचा नियम आला. आजच्या नियमाने कॉन त्या दिवशी जगज्जेता झाला असता! उलट पाहिले तर, शेवटच्या तीन फेऱ्यांसाठी दम राखून ठेवण्याची विद्या आजच्या विजेत्याला दाखविताच येत नाही. ती परीक्षाच राहिलेली नाही. मग कोणत्या आकड्याने कोणाला मोजायचे?

ओझे मोजायचे तर अली आणि लुईस यांच्याकडे शेजारी शेजारी पाहा. दोघांनाही सैन्याचा प्रश्न सामोरा आला. १९४२ मध्ये लुईस आपणहून भरती झाला. दोन लढतींची आपली कमाई त्याने नौदल आणि भूदलाच्या साहाय्यनिधीला दिली आणि सुमारे वीस लाख सैनिकांसमोर ९६ प्रदर्शनीय सामने केले. त्या सैन्यात काळे आणि गोरे वेगवेगळे ठेवले जात. लुईसने सभा घेतल्या नाहीत. पण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात काळ्या सैनिकांना घेत नाहीत हे समजताच त्याने वरपर्यंत शब्द टाकला. त्यांना प्रवेश मिळाला. त्यांत जॅकी रॉबिन्सन होता, ज्याने पुढे १९४७ मध्ये बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली. अलीने १९६७ मध्ये धर्माच्या आधारावर सैन्यात जाण्यास नकार दिला. त्याची गादी काढून घेण्यात आली आणि साडेतीन वर्षे त्याला रिंगणाबाहेर राहावे लागले. लुईसला अलीची ही भूमिका पटली नाही आणि त्याने ते उघड सांगितले. एक गप्प राहून झिजला, दुसरा बोलून झिजला. पण लुईस १९३७ मध्ये त्या दारातून नीट आत गेला नसता, तर १९६४ मध्ये अलीला तेथे उभे राहून मोठ्याने बोलायला जागा मिळाली असती का? हा प्रश्न संगणकाला कोणी घातला नव्हता.

आता या कथेचा कडू भाग. लुईसच्या लढतींतून सुमारे ४६ लाख डॉलर मिळाले, असे सांगतात. त्याच्या हाती आले सुमारे आठ लाख. हिशेब इतरांच्या हाती होते. हात उदार होता. वडिलधाऱ्यांनी संकटात घेतलेली सरकारी मदतसुद्धा त्याने डेट्रॉइट शहराला परत केली होती. कागद मात्र त्याने कधी नीट वाचले नाहीत. युद्धकाळात कराचे दर प्रचंड वाढले, थकबाकीवर व्याज चढत गेले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस सरकारची मागणी दहा लाख डॉलरच्या वर गेली. त्यासाठी निवृत्त लुईस पुन्हा रिंगणात आला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, सदतीस वर्षांच्या वयात, तरुण मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकले. १९५६ मध्ये त्याने पैशांसाठी देखाव्याच्या कुस्त्याही केल्या. अखेरच्या काळात तो लास व्हेगासच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करी. १२ एप्रिल १९८१ रोजी त्याचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या खास परवानगीने त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय लष्करी दफनभूमीत चिरविश्रांती मिळाली. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत मॅक्स श्मेलिंग होता.

हे केवळ जुन्या काळी घडत असे, असे समजू नका. अफाट कमाई करणाऱ्या माइक टायसनने २००३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. काळ बदलला, वजने वाढली, फेऱ्या कमी झाल्या. न वाचता सही करण्याची किंमत मात्र तीच राहिली.

वाचकहो, तालीम हा शब्द आपल्या घरांत दोन अर्थांनी नांदतो. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. जो लुईसला पहिली तालीम अशी मिळाली की तिने एका समाजाची मान ताठ केली. दुसरी तालीम गरिबीने आणि वर्णभेदाने त्याच्यापासून हिरावली आणि तिची उणीव त्याला आयुष्यभर भोवली. श्रेष्ठ कोण, हा वाद आपण खुशाल घालावा. तो गोड वाद आहे. माझे मत विचाराल तर ज्याने आपल्यामागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवले, तो माझ्या हिशेबी थोर. आणि आपल्या मुलांपैकी कोणाच्या मनगटात असे बळ दिसले, तर त्याला आखाड्यात अवश्य पाठवा. पण त्याच्या पिशवीत मोज्यांच्या शेजारी वही आहे ना, हे दारातच पाहून घ्या.