विष्णुदास भावे : नाटकवाल्या भाव्यांच्या लाकडी बाहुल्या



५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी शाळेत विष्णुदास भावे यांच्या फोटोला हार घालतात आणि एखादा विद्यार्थी पाठ केलेलं भाषण म्हणतो. पण तुम्हाला माहीत आहे का, मराठी नाटकाचे हे जनक बाहुल्याही घडवत होते? आपल्या पिंगुळीच्या मुलांना तर ही गोष्ट माहीत असायलाच हवी. का, ते शेवटी कळेल.

विष्णुदासांचं पूर्ण नाव विष्णू अमृत भावे. जन्म १८१९ च्या सुमारास, सांगलीत. वडील सांगली संस्थानात नोकरीला होते. लहानपणी विष्णूचं मन अभ्यासात फारसं रमत नसे. गोष्टी सांगायच्या आणि हातांनी काहीतरी घडवत बसायचं, हाच त्याचा नाद. आपल्या वर्गातही असं एखादं मूल असतंच ना! घरच्यांना त्याची काळजी वाटते. पण त्याच्या हातात काय आहे, हे ओळखणारं कोणीतरी भेटावं लागतं.

विष्णूला तसा माणूस भेटला. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी खेळ केले. ते पाहून राजांना वाटलं, असे खेळ मराठीतही व्हावेत. हे काम त्यांनी तरुण विष्णुदासांवर सोपवलं. जरा विचार करा, समोर नमुना नाही, तयार नट नाहीत, मराठी नाटकाचं पुस्तक हाताशी नाही. तंजावरच्या भोसले राजांनी त्याआधी मराठीत नाटकं लिहिली होती खरी, पण ती दूर दक्षिणेत. विष्णुदासांनी स्वतः पदं रचली, मुलं जमवली, त्यांना उभं राहायला, बोलायला, हातवारे करायला शिकवलं. आणि १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक झालं. रंगभूमी दिन या प्रयोगाच्या आठवणीतच साजरा होतो.

ते नाटक कसं असे? आपण जत्रेत दशावतार बघतो ना, साधारण त्याच्या जवळपास जाणारं. आधी सूत्रधार येई. मग गणपती येई, सरस्वती येई, विदूषक हसवून जाई. त्यानंतर राम-सीतेची किंवा दुसरी पुराणातली कथा सुरू होई. सगळी पदं सूत्रधार गाई आणि नट त्याप्रमाणे अभिनय करत. संवाद बरेचसे आयत्या वेळी सुचतील तसे.

आता 'सूत्रधार' हा शब्द बघा. सूत्र म्हणजे दोरा. दोरा हातात धरणारा तो सूत्रधार. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात हा अर्थ अगदी डोळ्यांना दिसतो. एक माणूस गातो, सांगतो, आणि दोऱ्यांच्या टोकाला राम-सीता हलतात. विष्णुदासांनी नाटकातली माणसं उभी केली, तशा लाकडी बाहुल्याही घडवल्या. हात, मान हलवता येतील अशा देव-राक्षसांच्या बाहुल्या.

पण पुढे अडचण आली. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि विष्णुदासांचा आधार गेला. ते रडत बसले नाहीत. मंडळी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ साली मुंबईला गेले, ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून प्रयोग केले. राजाच्या पैशावर चालणारं नाटक आता प्रेक्षकांच्या पैशावर उभं राहिलं. ही फार मोठी गोष्ट होती, कारण त्या काळी नाटकात काम करणाऱ्याकडे समाज आदराने बघत नसे. काही वर्षांनी ते या धंद्यातून बाजूला झाले. १८८५ साली त्यांची पदं पुस्तकरूपाने छापली गेली. १९०१ साली त्यांचं निधन झालं.

नाटक पुढे गेलं, वाढलं. बाहुल्या मात्र मागे राहिल्या. लाकूड जुनं झालं, रंग उडाले. दोरा धरणारा हात नसेल तर बाहुली म्हणजे नुसतं लाकूडच, नाही का? पुष्कळ वर्षांनी बोलक्या बाहुल्यांचे प्रसिद्ध कलावंत रामदास पाध्ये यांनी भाव्यांच्या त्या बाहुल्या दुरुस्त केल्या आणि पुन्हा रंगमंचावर आणल्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाहुल्या आजच्या मुलांसमोर हलल्या!

जपानमध्ये बुनराकु नावाचा जुना बाहुली-खेळ आहे. एक मोठी बाहुली तीन माणसं मिळून हलवतात. एक डोकं आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. कथा सांगणारा बाजूला बसून सगळ्यांचे आवाज एकटा काढतो. ओसाका शहरात या कलेसाठी १९८४ पासून मोठं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तिथे विद्यार्थ्यांना कला समजावून देणारे खास प्रयोग होतात. भाषा न कळणाऱ्या परदेशी पाहुण्यांना कानाला यंत्र लावून कथा ऐकता येते. नवा प्रेक्षक आपोआप येत नाही, त्याला हाताला धरून आणावं लागतं, हे त्यांनी ओळखलं.

आणि आपल्याकडे? कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. राजाश्रय गेला, घरात टीव्ही आला, रात्रीचे खेळ कमी झाले. तरी परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. आज तिथे शाळेच्या सहली येतात, परदेशी पाहुणेही येतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

मी माझ्या वर्गाला तिथे नेलं होतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी बाहुलीचा दोरा हातात आल्यावर सीता होऊन बोलायला लागली. मी बघतच राहिले. सांगलीच्या त्या अभ्यासात न रमणाऱ्या विष्णूची मला त्या क्षणी आठवण झाली.

म्हणून मित्रांनो, यंदा ५ नोव्हेंबरला नुसतं भाषण नको. हे करून बघा :

१. जुना मोजा, बटणं आणि चिंध्या घेऊन एक बाहुली करा.
२. आजी-आजोबांना विचारा, त्यांनी बाहुल्यांचा खेळ कुठे आणि कधी पाहिला.
३. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट बाहुलीच्या तोंडून वर्गात सांगा.

भाव्यांच्या बाहुल्यांना हलवणारा हात मिळायला फार वर्षं लागली. पिंगुळीच्या बाहुल्यांवर ती वेळ येऊ नये, हे आता तुमच्या-आमच्या हातात आहे.