सुट्टीवर आले आणि राहिले

आखातातल्या आपल्या मंडळींचा दर वर्षीचा प्रश्न ठरलेला: नुसतं सुट्टीला जायचं, की आता कायमचंच? 1939 साली असाच सुट्टीवर मुंबईला आलेला एक माणूस राहिला तो राहिलाच. डॉ. होमी भाभा.

जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबईचा. 1927 मध्ये घरच्यांनी केंब्रिजला धाडलं, ते इंजिनिअर होऊन जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यात यावं म्हणून. ती परीक्षा ते पहिल्या वर्गात पास झाले, पण मन रमलं भौतिकशास्त्रात.

1937 मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचं कोडं उलगडलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना फोटॉन सोडतो. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती पुन्हा फोटॉन सोडते. वंशावळच ही, पण दोन जातींची, एकीच्या पोटी दुसरी! पिढीगणिक संख्या वाढते, मात्र मूळची ऊर्जा वाटली जाते. वाटा फारच लहान झाला की नवे कण जन्मत नाहीत, वर्षाव विरतो. शिशात हे काही सेंटीमीटरांत आटोपतं, हवेत कित्येक किलोमीटर लागतात. भोवताल बदलला की वंशाची चाल बदलते. शिवाय सारख्याच ऊर्जेचे दोन कण सारखाच वर्षाव पाडतील असंही नाही. सरासरीपासून किती फरक पडेल, याचा हिशेब भाभांनी 1950 मध्ये अल्लाडी रामकृष्णन यांच्यासोबत मांडला.

तर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. भाभा बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. 1944 मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टकडे संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. पुढे लागणारे तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, इथेच तयार व्हावेत, ही त्यामागची कळकळ. 1945 मध्ये टीआयएफआर सुरू झाली. 1956 मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी चालू झाली. तिथेही वंशावळच, न्यूट्रॉनची. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीएवढीच ठेवायची. कमी पडली तर भट्टी विझते, वाढतच गेली तर आवरत नाही. आपल्या अबू धाबीतला बराका अणुवीज प्रकल्पही याच नियमावर चालतो.

24 जानेवारी 1966 ला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले. वय अवघं 56. पण त्यांनी उभ्या केलेल्या संस्था थांबल्या नाहीत.

परत जायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. जिथे राहू तिथे मागून येणाऱ्यांना वाढता येईल असा भोवताल तयार करणं, एवढं मात्र भाभांकडून घेण्यासारखं आहे.

– एक वाचक, शारजा