डासाकडे बोट दाखवणारे डॉ. कार्लोस फिनले

१४ ऑगस्ट १८८१ रोजी हवाना येथील रॉयल अकादमीच्या सभेत सत्तेचाळीस वर्षांच्या एका वैद्यकाने आपला निबंध वाचला. लहानपणीच्या आजारामुळे त्यांच्या वाणीत अडखळ राहून गेली होती आणि ते सावकाश बोलत. विषय होता पीतज्वर. हा रोग दूषित हवेने पसरत नाही, घाणीने पसरत नाही, रुग्णाच्या कपड्यांनीही पसरत नाही. घराघरांत वावरणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या डासाची मादी तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वाचन संपले. कोणी शंका काढली नाही, कोणी विरोधही केला नाही. निबंध दप्तरी दाखल झाला आणि सभा पुढच्या कामाकडे वळली. त्यानंतरची एकोणीस वर्षे डॉ. कार्लोस हुआन फिनले यांच्या वाट्याला आली ती उपेक्षा, आणि क्वचित चेष्टा.

त्यांनी ज्या डासाकडे बोट दाखवले तो आज आपल्याला चांगला परिचित आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, एडिस इजिप्ती या नावाने ओळखला जाणारा हा डास डेंग्यूचा मुख्य वाहक आहे. पीतज्वराने भारतात कधी मूळ धरले नाही, परंतु त्याचा वाहक मात्र आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे आपल्या विमानतळावर लसीचा दाखला मागतात, तो याच कारणाने. म्हणून फिनले यांचे चरित्र दूरच्या बेटावरचे असले, तरी परके नाही.

फिनले यांचा जन्म ३ डिसेंबर १८३३ रोजी क्यूबातील पुएर्तो प्रिन्सिपे, म्हणजे आजच्या कामागुए या गावी झाला. वडील स्कॉटिश वैद्यक, आई फ्रेंच वंशाची. बालपण वडिलांच्या कॉफीच्या मळ्यात गेले. अकराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना फ्रान्सला धाडण्यात आले. तेथे कोरिया या आजाराने गाठले व वाणीतला दोष मागे ठेवला. पुढे विषमज्वराने शिक्षण पुन्हा खंडित झाले. फ्रान्समधील अपुऱ्या शिक्षणामुळे हवानाच्या विद्यापीठाचे दार उघडेना, तेव्हा ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाला गेले आणि १८५५ मध्ये जेफर्सन मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाले. मायदेशी परतून त्यांनी हवाना येथे व्यवसाय मांडला. १८६७ मध्ये शहरात पटकी पसरली, तेव्हा ती पाण्यावाटे फैलावते असे त्यांनी दाखवले. स्पॅनिश सरकारला ते रुचले नाही आणि लेखाची प्रसिद्धी अडवली गेली. अधिकाऱ्यांना न आवडणारे निष्कर्ष काढण्याची ही त्यांची पहिली वेळ.

पीतज्वराने त्या काळी अमेरिका खंडातील बंदरांना ग्रासले होते. स्पेनहून आलेले तरुण सैनिक गलबतातून उतरत आणि काही आठवड्यांत दफनभूमीत पोहोचत. ताप, कावीळ, शेवटी काळी रक्ताची उलटी. कारण म्हणून बोट दाखवले जाई ते दुर्गंधीकडे, गटारांकडे, रुग्णाच्या अंथरुणा-पांघरुणाकडे. खुद्द फिनले यांनीही अनेक वर्षे हवेतील अल्कली हे या रोगाचे मूळ मानले होते आणि त्यासाठी मोजमापांचे डोंगर रचले होते. १८७९ मध्ये अमेरिकेने पाठवलेला वैद्यकीय आयोग हवानाला आला. त्याच्याबरोबर काम करताना फिनले यांना आपली ही उपपत्ती टिकत नाही हे उमगले आणि त्यांनी ती सोडून दिली. संशोधकाच्या चरित्रात ही गोष्ट शोधाइतकीच मोलाची मानावी लागते.

त्यांचा पुढचा तर्क साधा, पण नेमका होता. या रोगात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाच इजा होते आणि रक्तस्राव होतो. मग रोगाचे बीज एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेणारी सुई निसर्गात कोणती? डासाची सोंड. फेलिपे पोए या क्यूबन निसर्गशास्त्रज्ञाच्या साह्याने त्यांनी हवानातील डासांच्या जाती ओळखल्या आणि त्यांतल्या एकीवर नजर रोखली. ही मादी दिवसा चावते, अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते, तेही अनेकदा. आणि थंड, उंच प्रदेशात जेथे ती आढळत नाही तेथे पीतज्वरही आढळत नाही.

आणखी एक गोष्ट या निरीक्षणांतून पुढे आली, आणि आजच्या वाचकाच्या कामाची ती हीच. हा डास गटारातला नव्हे. त्याला माणसाने साठवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. हवानाच्या घरांत पिंपे होती, टाक्या होत्या, रांजण होते. आपल्याकडे ग्वाल्हेर-इंदूरला उन्हाळा सरला तरी कूलरच्या तळाशी पाणी राहते. गोव्यात परसातल्या करवंट्या आणि पोफळीच्या गळालेल्या विऱ्या पहिल्या पावसातच भरतात. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या प्रत्येक गावात मोरीत पिंप असतेच. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की उबतात. उबदार हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडे नुसते उपडे करणे पुरत नाही. आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासावी लागते.

फिनले यांना सत्य दिसले होते, सिद्ध मात्र करता येत नव्हते. क्लॉडियो डेलगाडो या सहकाऱ्यासह त्यांनी वीस वर्षांत शंभराहून अधिक माणसांवर प्रयोग केले. रुग्णाला चावलेला डास दोन-चार दिवसांनी निरोगी माणसाला चाववायचा, ही त्यांची रीत. काहींना सौम्य ताप येई, बहुतेकांना काहीच होत नसे. शिवाय शहरातच साथ असल्याने ताप आला तरी तो प्रयोगाच्या डासामुळेच, हे कोण मान्य करणार? रुग्णांमध्ये सापडलेल्या एका जिवाणूला त्यांनी रोगाचे कारण ठरवले, तेही चुकीचे निघाले आणि टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

चूक होती ती दिवसांच्या हिशोबात. रोगबीज डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला सुमारे बारा दिवस लागतात. फिनले यांचे डास फार लवकर चाववले जात होते. हा दुवा सापडला अमेरिकेच्या मिसिसिपी प्रांतातील खेड्यांत. हेन्री कार्टर या वैद्यकाने १८९८ मध्ये तेथे नोंदवले, की घरातील पहिला रुग्ण आणि त्याच्यापासून झालेले पुढचे रुग्ण यांत दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते.

त्याच वर्षी स्पेन आणि अमेरिका यांच्यात युद्ध झाले आणि क्यूबा अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आला. पासष्टीला आलेले फिनले सान्तियागोच्या आघाडीवर जाऊन सैनिकांची शुश्रूषा करत होते. १९०० च्या उन्हाळ्यात मेजर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालील आयोग हवानाला आला. बाकीच्या कल्पना निष्फळ ठरल्यावर आयोगाचे सदस्य फिनले यांच्या घरी गेले. त्या वृद्ध वैद्यकाने कसलीही कुरकुर न करता आपले सारे लेख आणि डासांची अंडी त्यांच्या हवाली केली. त्याच अंड्यांतून जेसी लाझिअर यांनी डास वाढवले. आयोगाचे जेम्स कॅरोल डास चावून मरणाच्या दारातून परत आले. लाझिअर परतले नाहीत. २५ सप्टेंबर १९०० रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पीतज्वराने त्यांचा मृत्यू झाला. पुढे त्यांच्याच नावाच्या छावणीत नियंत्रित प्रयोग झाले. रुग्णांच्या मळक्या अंथरुणात, पण डासांविना झोपलेले स्वयंसेवक धडधाकट राहिले. स्वच्छ खोलीत डास चावलेले आजारी पडले. डिसेंबरमध्ये हवानाच्या वैद्यकांनी फिनले यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली.

खरी परीक्षा शहराची होती. विल्यम गोर्गस या लष्करी आरोग्याधिकाऱ्याने अमेरिकी ताब्यानंतर हवाना झाडून-पुसून लख्ख केली होती. तरीही १९०० मध्ये ३०० हून अधिक माणसे पीतज्वराने दगावली. रस्ते स्वच्छ झाले होते, पिंपे तशीच होती. १९०१ च्या आरंभी गोर्गसने मोर्चा घरांकडे वळवला. तपासनीस घरोघर फिरू लागले. पाण्याच्या साठ्यांवर झाकणे आली, ज्यांवर येऊ शकत नव्हती त्यांवर रॉकेलचा पातळ थर आला. अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंड. आणि प्रत्येक रुग्ण जाळीच्या आत, म्हणजे नवा डास त्याच्यापासून रोग उचलणार नाही. त्या वर्षी मृत्यू १८ झाले आणि १९०२ मध्ये एकही नाही. पुढे पनामा कालव्यावरही हीच रीत चालली. तिथल्या फ्रेंच काळातल्या इस्पितळात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत आणि त्यांतच डास वाढत. आपल्याकडच्या जाळीच्या कपाटाखालच्या वाट्या ज्यांना आठवतात, त्यांना हे अधिक सांगायला नको.

डेंग्यूचे गणित थोड्याफार फरकाने हेच आहे. डासात विषाणू पिकायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रुग्णाला चावलेला डासच तो उचलतो. म्हणून मच्छरदाणी रुग्णाला हवी, तीही दिवसा. गल्लीतून फिरणारे धुराचे यंत्र लोकांना दिलासा देते. त्याने उडणारे काही डास मरतात, घरातल्या पिंपातल्या अळ्या तशाच राहतात. दोन रोगांचे आणखी एक साम्य घातक आहे: ताप उतरला म्हणजे संकट टळले असे वाटते. डेंग्यूत नेमके तेव्हाच पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अतिशय ग्लानी दिसली, तर रुग्णाला ताबडतोब इस्पितळात न्यावे लागते. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

१९०२ मध्ये क्यूबा स्वतंत्र झाला आणि फिनले देशाचे मुख्य आरोग्याधिकारी बनले. नवजात बालकांची नाळ बांधण्याच्या सुती दोऱ्यातून धनुर्वात होतो हे त्यांनी हेरले आणि निर्जंतुक दोऱ्याची पाकिटे वाटण्याची व्यवस्था केली. या कामाचा उल्लेख फारसा होत नाही, व्हायला हवा. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. सुचवणाऱ्यांत सर रोनाल्ड रॉस होते, ज्यांनी सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी पाहिले होते. पारितोषिक मिळाले नाही. फिनले यांचे निधन १९१५ मध्ये झाले, योगायोगाने २० ऑगस्टलाच. रॉस यांच्या शोधामुळे जग तो दिवस डास दिन म्हणून पाळते.

हवानातील त्या निबंधाला १९८१ मध्ये शंभर वर्षे झाली. त्याच वर्षी क्यूबात डेंग्यूची प्रचंड साथ आली. सुमारे ३ लाख ४४ हजार रुग्ण नोंदले गेले आणि १५८ माणसे मरण पावली, त्यांतली १०१ मुले होती. पीतज्वर नाहीसा झाला होता, डास मात्र परतला होता. सरकारने हजारो माणसे घरोघर पाठवली, आणि त्यांनी पुन्हा पिंपांची आणि टाक्यांची झाकणे उघडून आत पाहायला सुरुवात केली.