राजर्षी शाहू छत्रपती आणि राधानगरीचे रान

कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती वसतिगृहांचे व मोफत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे प्रवर्तक म्हणून आपणां सर्वांस परिचित आहेत. परंतु त्यांच्या घडणीची काही वर्षे आपल्याच धारवाडात गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आज आम्ही त्यांच्या चरित्राची एक निराळी बाजू सांगणार आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. राजकोट येथील शिक्षण संपल्यावर १८९० ते १८९४ या काळात धारवाड येथे फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे अध्ययन झाले. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

दोनच वर्षांत, १८९६ साली, दुष्काळ येऊन ठेपला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, गुरांच्या चाऱ्याची सोय केली. तथापि दुकाने उघडून दुष्काळ टळत नाही, हे त्यांनी ओळखले. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने पाणी कोसळते आणि वाहून जाते. पूर्वेकडील शेते मात्र उन्हाळ्यात कोरडी राहतात. हे पाणी अडविले पाहिजे, या विचाराने १९०७ साली त्यांनी भोगावती नदीवर धरणाची योजना हाती घेतली. तेथेच राधानगरी हे गाव वसविले आणि जलाशयास महाराणींचे नाव देऊन तो लक्ष्मी तलाव म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे पैशाअभावी काम थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे देहावसान झाले. धरण पूर्ण झालेले त्यांस पाहावयास मिळाले नाही. ते स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झाले.

धरणाच्या वरच्या अंगास दाजीपूरचे घनदाट रान आहे. हे रान राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेले होते. महाराज स्वतः नामांकित शिकारी होते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. गव्यांच्या रक्षणाचा आजचा विचार तेव्हा कोणाच्या मनात नव्हता. तरीही राखीव असल्यामुळे ते रान टिकले. उताराची माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवली की ती जलाशयात कमी येते आणि झरे पावसाळ्यानंतरही वाहत राहतात. रान हे धरणाचे वैरी नव्हे, राखणदार होय!

१९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य निर्माण झाले. २०१२ साली युनेस्को या जागतिक संस्थेने सह्याद्रीतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत राधानगरीचा समावेश आहे. याच संस्थेने १९७१ पासून मनुष्य आणि जीवसृष्टी यांच्या मेळाचा कार्यक्रम चालविला आहे. त्याची आखणी साधी आहे : मध्यभागी कडक संरक्षण, त्याभोवती मर्यादित वापर आणि बाहेरच्या कड्यात माणसांची शेती व उद्योग. अभयारण्याच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न या आखणीत टाळता येत नाही. रान राखावयाचे आणि त्यांची चूलही पेटती ठेवावयाची, हेच खरे अवघड काम आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. हुबळी-धारवाडच्या नळांस येणारे मलप्रभेचे पाणी कणकुंबीच्या रानात उगम पावते. तेथील म्हादईच्या ओढ्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे की नाही, यावर कर्नाटक व गोवा यांत दीर्घकाळ वाद चालू आहे. पाण्याची गरज खरी आहे, आणि रानाचीही. न्यायाचा निर्णय जाणत्यांनी करावा. परंतु पाण्याचा पेला हाती घेताना त्यामागील रानाचे स्मरण ठेवणे, हे मात्र आपणां सर्वांचे कर्तव्य होय. धारवाडात शिकून गेलेल्या त्या राजाच्या चरित्रातून एवढा बोध आपण घ्यावा, अशी आमची इच्छा आहे.