मार्कोनीचें आजोळ

थोर पुरुषाचें चरित्र सांगतांना प्रथम त्याच्या पित्याचें कुल सांगावें आणि आई कोणत्या घरची हें एका वाक्यांत आटोपावें, अशी जुनी चाल आहे. बिनतारी तारायंत्राचा प्रवर्तक गुलिएल्मो मार्कोनी याच्या बाबतींत ही चाल मोडावी लागते. कारण त्याच्या बुद्धीला ऐन वेळीं जें पाठबळ मिळालें, तें मुख्यतः आजोळाकडून. तें आजोळ विद्वानांचें नव्हतें कीं शास्त्रज्ञांचें नव्हतें. तें होतें आयर्लंडांत मद्याच्या भट्ट्या चालविणाऱ्या व्यापाऱ्यांचें.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन जेमसन हा १७४० सालीं स्कॉटलंडांतील ॲलोआ या गांवीं जन्मला. प्रथम तो तेथील न्यायकचेरींत लेखनिकाचें काम करी. १७६८ सालीं त्यानें मार्गारेट हेग हिच्याशीं विवाह केला. हेग घराणें मद्य गाळण्याच्या धंद्यांत नांवाजलेलें होतें, आणि मार्गारेटची आई ज्या स्टाइन घराण्यांतली, तेंही त्याच धंद्यांतलें. (पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश सेनापति डग्लस हेग हा याच हेग कुळांतला.) या सोयरिकीमुळें जेमसन धंद्यांत शिरला व अठराव्या शतकाच्या अखेरीस डब्लिन शहरीं स्थायिक झाला. तेथील बो स्ट्रीटवरील त्याची भट्टी पुढें जगप्रसिद्ध झाली. १८१० पासून ‘जॉन जेमसन अँड सन’ हें नांव पेढीवर चढलें, आणि १८२३ सालीं मूळ पुरुष वारला. त्याच्या जॉन याच नांवाच्या मुलानें डब्लिनची पेढी सांभाळली. दुसरा मुलगा अँड्र्यू यानें वेक्सफर्ड परगण्यांत एनिस्कॉर्थीजवळ स्वतःची भट्टी घातली व डॅफ्नी कॅसल नांवाच्या वाड्यांत तो राहूं लागला.

भट्टीचें सारें काम धान्यावर चालतें. जव भिजवून त्यास मोड आणावयाचे, ते वाळवून दळावयाचे, मग आंबवण तांब्याच्या मोठ्या भांड्यांत तापवून त्याची वाफ थंड करावयाची. म्हणून भट्टीवाल्याचे लागेबांधे धान्याच्या अडत्यांशीं व पिठाच्या गिरण्यांशीं पिढ्यान्‌पिढ्या जडतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

अँड्र्यूची धाकटी कन्या ॲनी हिचा कंठ फार गोड होता. लंडनच्या रंगभूमीवर गाण्याची संधि तिला आली. परंतु कुलीन मुलीनें रंगभूमीवर पाऊल ठेवूं नये, असें घरच्यांचें मत पडलें. मुलीचें मन रमावें म्हणून त्यांनीं तिला गायन शिकण्यास इटलींतील बोलोन्या शहरीं ओळखीच्या एका कुटुंबांत पाठविलें. त्या कुटुंबाचा जांवई जुझेप्पे मार्कोनी हा विधुर असून त्यास एक लहान मुलगा होता. ॲनीनें त्याच्याशीं विवाह करण्याचा निश्चय केला. वर परदेशी, वयानें बराच मोठा, पंथानें कॅथोलिक, शिवाय बिजवर. जेमसनांनीं साफ नकार दिला. ॲनीनें त्या वेळीं वाद घातला नाहीं, परंतु निश्चयही सोडला नाहीं. सज्ञान झाल्यावर ती खाडी ओलांडून फ्रान्सांत आली आणि १६ एप्रिल १८६४ रोजीं बूलोन येथें तिनें जुझेप्पेशीं लग्न लाविलें.

तिचा दुसरा मुलगा गुलिएल्मो हा २५ एप्रिल १८७४ रोजीं बोलोन्या येथें जन्मला. शाळेंत त्यानें नांव काढलें नाहीं. आईनें मात्र त्याला इंग्रजी उत्तम शिकविलें. १८९४ सालीं हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या निधनानंतर त्याच्या विद्युल्लहरींविषयींचा लेख मुलाच्या वाचनांत आला व या लहरींवरून संदेश धाडतां येईल, या विचारानें त्याला झपाटलें. पोंतेक्क्यो येथील घराच्या माडीवर तो रात्रंदिवस यंत्रें मांडून बसे. हा पैशाचा व वेळेचा अपव्यय आहे, असें बापास वाटे. आईनें माडी मोकळी करून दिली. १८९५ सालीं टेकडीपलीकडे संदेश पोंचला आणि तो मिळाल्याची खूण म्हणून थोरला भाऊ आल्फोन्सो यानें बंदुकीचा बार काढला.

फेब्रुवारी १८९६ मध्यें एकवीस वर्षांच्या मुलास घेऊन ॲनी लंडनला आली. तेथें त्यांना उतरवून घेण्यास तिचा भाचा हेन्‍री जेमसन डेव्हिस हजर होता. तो गिरण्यांचा इंजिनियर होता. त्याच्या साह्यानें २ जून १८९६ रोजीं मार्कोनीनें एकस्वासाठीं अर्ज केला. टपालखात्याचे मुख्य इंजिनियर विल्यम प्रीस यांनीं प्रयोगांस मदत केली. पण भांडवल कोण देणार? तें डेव्हिसनें उभें केलें. जुलै १८९७ मध्यें एक लक्ष पौंड भांडवलाची कंपनी निघाली व तिचा पहिला व्यवस्थापक डेव्हिसच झाला. तिचे आरंभींचे भागीदार बहुतेक जेमसनांच्या नात्यागोत्यांतले आणि धान्यबाजारांतले होते. ज्या कुळानें एके काळीं ॲनीच्या विवाहास नकार दिला, त्याच कुळाच्या पुढल्या पिढीनें तिच्या मुलावर विश्वास टाकिला. तिनेंही जुना राग मनांत धरून माहेरचें दार टाळलें नाहीं.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. १८९८ सालीं आयर्लंडच्या किनाऱ्यावरील किंग्जटाउन येथें होड्यांच्या शर्यतींची वार्ता त्यानें समुद्रांतून बिनतारी धाडली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडांत पतंगाला बांधलेल्या तारेवर इंग्लंडचा संदेश ऐकूं आल्याचें त्यानें जाहीर केलें. १९०९ चें नोबेल पारितोषिक त्यास ब्राउन यांच्यासमवेत मिळालें. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाली, तेव्हां तिच्यावरील बिनतारी हांकेमुळेंच सातशेंवर जीव वांचले. १९२७ सालीं त्याच्या पद्धतीनें हिंदुस्थान व इंग्लंड जोडले गेले. त्यासाठीं संदेश सोडणारें केंद्र आपल्या पुण्याजवळ खडकीस, व घेणारें दौंडास उभारलें होतें.

हें श्रेय एकट्याचें नव्हे. हर्ट्‌झ, ब्रान्ली, लॉज यांनीं पाया घातला होता. कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनींही १८९५ च्या सुमारास अशा लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली होती. शिवाय मार्कोनीचें उत्तरायुष्य निष्कलंक नाहीं. १९२३ मध्यें तो मुसोलिनीच्या पक्षांत शिरला व त्या राजवटीचे मानसन्मान त्यानें स्वीकारले. २० जुलै १९३७ रोजीं तो रोम येथें वारला, तेव्हां जगांतील अनेक बिनतारी केंद्रें दोन मिनिटें स्तब्ध राहिलीं.

ॲनी त्यापूर्वींच, १९२० सालीं, लंडनला वारली. बो स्ट्रीटची भट्टीही १९७१ मध्यें बंद झाली. रंगभूमीवर जो आवाज तिला उठवूं दिला नाहीं, तो कोणीं ऐकला नाहीं. परंतु तिनें मोकळ्या करून दिलेल्या माडीवरून निघालेला संदेश साऱ्या पृथ्वीनें ऐकला. विद्यार्थिमित्रांनो, आपली वंशावळ आपण बापाकडूनच मोजतों. एकदां आईजवळ बसून तिच्या माहेरची हकीकत विचारून पाहा. आपण कोणाच्या बळावर उभे आहों, हें तेथेंही कळेल.