झुंडीचा हिशेब मांडणारी संपादिका

झुंड माणसाचा जीव घेते तेव्हा त्याचे नावही शिल्लक ठेवत नाही. मारला गेलेला इसम गुन्हेगारच असला पाहिजे, ही समजूत हत्येच्या कितीतरी आधीपासून समाजात मुरलेली असते आणि तिच्या आधारानेच भली माणसे गप्प बसू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांच्या ज्या झुंडहत्या, म्हणजे लिंचिंग, होत असत, त्यांच्या पाठीशी अशीच एक समजूत भक्कमपणे उभी होती. गोऱ्या स्त्रियांची अब्रू राखण्यासाठी संतप्त नागरिकांना नाइलाजाने कायदा हाती घ्यावा लागतो, असे सर्रास सांगितले जाई आणि न्यायाची चाड असलेले लोकही ते मान्य करीत. या समजुतीला पुराव्यानिशी सुरुंग लावणारी स्त्री म्हणजे आयडा बी. वेल्स. आपल्या मित्राची हत्या झाली नसती, तर त्यांनाही कदाचित ही समजूत तपासून पाहावीशी वाटली नसती. त्यांच्या चरित्रातील खरा विचार करण्याजोगा भाग हाच आहे.

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी गुलाम आईबापांच्या पोटी झाला. वडील सुतार, आई स्वयंपाकीण. गुलामगिरीच्या अंतानंतर या कुटुंबाने शिक्षणाची कास धरली. पण १८७८ साली पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि धाकटा भाऊ एकापाठोपाठ गेले. नातेवाइकांनी उरलेल्या भावंडांची वाटणी करण्याचा बेत केला, तेव्हा सोळा वर्षांच्या आयडांनी त्याला ठाम नकार दिला. खेड्यातल्या शाळेत महिना २५ डॉलरवर मास्तरकी पत्करून त्यांनी भावंडांना एकत्र ठेवले. काही वर्षांनी त्या टेनेसी राज्यातील मेम्फिस या कापसाच्या मोठ्या बाजारपेठेत आल्या आणि तेथेही शिक्षिकाच झाल्या.

अन्याय निमूटपणे गिळण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. आगगाडीत स्त्रियांच्या डब्याचे तिकीट हाती असताना त्यांना तेथून जबरदस्तीने उठवण्यात आले, तेव्हा त्यांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. १८८४ मध्ये न्यायालयाने ५०० डॉलरची भरपाई मंजूर केली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि खर्च उलट त्यांच्याच अंगावर टाकला. १८८९ मध्ये त्या 'फ्री स्पीच' या वृत्तपत्राच्या भागीदार व संपादक झाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यात मांडल्याबद्दल १८९१ मध्ये त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली. मग त्यांनी सारी शक्ती वृत्तपत्राकडे वळवली. गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले. निरक्षर गिऱ्हाइकांच्या गळ्यात विक्रेते भलतेच वृत्तपत्र मारतात असे आढळल्यावर त्यांनी आपला अंक गुलाबी कागदावर छापण्यास सुरुवात केली. ज्याला वाचता येत नाही तोही आपले वृत्तपत्र ओळखून मागू लागला.

मेम्फिसमध्ये थॉमस मॉस आणि त्यांची पत्नी हे आयडा यांचे सर्वांत जवळचे स्नेही. मॉस यांच्या मुलीच्या त्या धर्ममाता होत्या. मॉस दिवसा टपाल वाटत आणि रात्री किराणा दुकान पाहत. ट्रामचा रूळ जेथे एकदम वळण घेतो अशा शहराबाहेरील वस्तीत काही कृष्णवर्णीयांनी भांडवल जमवून १८८९ मध्ये 'पीपल्स ग्रोसरी' हे दुकान काढले होते. त्या वस्तीत आजवर एका गोऱ्या दुकानदाराची मक्तेदारी होती. नवे दुकान चालू लागले, गिऱ्हाईक वाटले गेले आणि वैराला सुरुवात झाली. मार्च १८९२ च्या आरंभी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे भांडण मोठ्यांपर्यंत गेले. ५ मार्चच्या रात्री सशस्त्र गोरे लोक दुकानावर चालून आले. आतल्यांनी संरक्षणार्थ गोळ्या झाडल्या आणि त्यात तिघे जखमी झाले. मॉस आणि त्यांचे दोन सहकारी तुरुंगात गेले.

पुढचे दिवस त्यांच्या आप्तमित्रांनी जीव मुठीत धरून काढले. पहिल्या रात्री कृष्णवर्णीय स्वयंसैनिकांनी तुरुंगाभोवती पहारा ठेवला. पण त्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम निघाला. जखमी वाचणार असे कळल्यावर संकट टळले असे सर्वांना वाटले आणि पहारा उठला. ९ मार्चच्या पहाटे सुमारे ७५ मुखवटाधारी तुरुंगात शिरले. तिघांना शहराबाहेर रेल्वेच्या आवारात नेऊन त्यांनी गोळ्या घातल्या. आपल्या लोकांनी आता पश्चिमेकडे निघून जावे, येथे न्याय मिळणार नाही, असा निरोप मॉस यांनी अखेरच्या क्षणी दिल्याचे वृत्त दुसऱ्या दिवशीच्या गोऱ्या वृत्तपत्रांनीच छापले. इतका बारीक तपशील वृत्तपत्रांना मिळाला, पण मारेकरी कोण हे मात्र सरकारला कधीच कळले नाही. दुकान आधी लुटले गेले, नंतर त्याचा लिलाव झाला. प्रतिस्पर्ध्याचा मार्ग मोकळा झाला.

आयडा त्या वेळी वृत्तपत्राच्या कामासाठी नॅचेझ या गावी होत्या. त्या परतल्या तोवर मॉस यांचे दफन झाले होते. झुंडहत्या चुकीची असली तरी तिच्या मुळाशी काही घोर अपराध असणार, असे तोवर आपल्यालाही वाटत होते, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वच्छपणे नोंदवले आहे. पण मॉस यांनी कोणत्याही स्त्रीकडे वाकड्या नजरेने पाहिले नव्हते. त्यांचा अपराध एकच होता. त्यांचे दुकान चालत होते. ओळखीच्या एका माणसाविषयीचा आरोप इतका धादांत खोटा, तर अनोळखी शेकडो माणसांविषयीचे आरोप खरे कशावरून? मित्रावर जो विश्वास सहज टाकला, तोच कधीही न पाहिलेल्या माणसांवर टाकून त्यांच्या बाजूने चौकशी करायची, असे त्यांनी ठरवले. पुढच्या सगळ्या कार्याचे बीज या निर्णयात आहे.

पहिले शस्त्र त्यांनी उचलले ते आर्थिक. मेम्फिस सोडा, निदान गोऱ्यांच्या ट्राममध्ये बसून त्यांची तिजोरी भरू नका, असे त्यांनी वाचकांना सांगितले. हजारो लोक ओक्लाहोमाकडे निघाले. सहा आठवड्यांत ट्राम कंपनीचे अधिकारी 'फ्री स्पीच'च्या कचेरीत येऊन प्रवासी कमी का झाले, अशी विचारणा करू लागले. ट्राम नुकत्याच विजेवर चालू लागल्या होत्या. तेव्हा कृष्णवर्णीय विजेला भीत असावेत, असा त्यांचा तर्क होता. उतारू नेमके कोणत्या दिवसापासून घटले हे आयडांनी त्यांच्याकडूनच वदवून घेतले आणि त्या दिवसाचा अर्थ त्यांना समजावून दिला. ज्यांच्या जिवाची पर्वा नाही त्यांच्या नाण्यांची मात्र गरज आहे, ही गोष्ट जमाखर्चाच्या वहीतून सिद्ध झाली.

२१ मे १८९२ च्या अंकात त्यांनी एका आठवड्यातील आठ झुंडहत्यांची नोंद देऊन बलात्काराची सबब आता कोणालाही पटत नाही, असे लिहिले. गोऱ्या स्त्रिया आणि कृष्णवर्णीय पुरुष यांच्यात कधीकधी राजीखुशीचे संबंधही असतात, हेही सूचित केले. शहर खवळले. भागीदाराला रातोरात पळून जावे लागले आणि २७ मे रोजी कचेरी व छापखाना उद्ध्वस्त झाला. आयडा तेव्हा न्यूयॉर्कला निघाल्या होत्या. तेथे उतरताच संपादक टी. थॉमस फॉर्च्यून यांनी त्यांना ही बातमी सांगितली.

परतू नका, दिसताच ठार मारतील, अशी पत्रे स्नेह्यांकडून येऊ लागली. त्याचबरोबर असेही कळले की, त्या आल्याच तर त्यांच्या रक्षणासाठी मेम्फिसमधील कृष्णवर्णीय पुरुष सज्ज झाले आहेत. त्या परतल्या नाहीत. पण त्यामागे स्वतःच्या जिवाची भीती हे मुख्य कारण नव्हते. पिस्तूल तर त्यांनी मॉस यांच्या हत्येनंतरच घेऊन ठेवले होते. आपल्या परतण्याने रक्तपात होईल, आणखी स्त्रिया विधवा होतील आणि मुले पोरकी होतील, हा विचार त्यांनी निर्णायक मानला. आपल्या बोलण्याची किंमत दुसऱ्याने प्राणांनी चुकवू नये म्हणून त्यांनी गाव सोडले. बोलणे मात्र सोडले नाही. निर्भयपणा आणि बेदरकारपणा यांतला फरक ओळखणे हे चळवळीतल्या माणसांनाही नेहमी साधत नाही.

आपल्या वर्गणीदारांची यादी देऊन त्यांनी फॉर्च्यून यांच्या 'न्यूयॉर्क एज'मध्ये चौथा हिस्सा मिळवला आणि सारी हकीकत तेथे प्रसिद्ध केली. ऑक्टोबर १८९२ मध्ये न्यूयॉर्क व ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा भरवून त्यांना ५०० डॉलरचा निधी दिला. मेम्फिसच्या स्नेह्यांविषयी बोलताना भर सभेत त्यांचे डोळे वाहू लागले, पण वाचन थांबले नाही. या निधीतून 'सदर्न हॉरर्स' ही पुस्तिका निघाली. १८९५ मध्ये 'द रेड रेकॉर्ड' आले. त्यांची पद्धत साधी आणि बिनतोड होती. आकडे आपले द्यायचेच नाहीत. गोऱ्यांच्या 'शिकागो ट्रिब्यून'ने छापलेले आकडेच घ्यायचे. त्यांनुसार १८९२ या एका वर्षात २४१ जणांना झुंडींनी मारले; त्यांपैकी १६० कृष्णवर्णीय होते. बलात्काराचा नुसता आरोप तरी किती जणांवर होता हे मोजले, तर प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास भरले. बाकीच्यांची कारणे पाहू जाता भांडण, उद्धटपणा, संशय असलीच निघाली. सबब कोलमडली आणि उरले ते वर्चस्व आणि हितसंबंध.

१८९३ व १८९४ मध्ये त्यांनी इंग्लंड-स्कॉटलंडचे दौरे केले. त्यांना बोलावणाऱ्यांपैकी कॅथरिन इम्पी या 'अँटी-कास्ट' नावाचे मासिक चालवीत. वर्णभेदासाठी इंग्रज सुधारकांनी जातीचाच शब्द योजावा, हे मराठी वाचकाला आश्चर्याचे वाटणार नाही. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच आपली 'गुलामगिरी' अर्पण केली होती. पहिल्या दौऱ्यात इम्पी यांच्यावर किटाळ आले. सिलोनहून आलेल्या एका सावळ्या तरुणाला त्यांनी प्रेमपत्र लिहिले, एवढेच निमित्त झाले आणि दुसऱ्या यजमानीणबाईंनी आयडांना इम्पींचा जाहीर धिक्कार करण्यास सांगितले. आयडांनी ते नाकारले व एका बलाढ्य पाठीराखीला गमावले. मैत्रीची किंमत मोजण्यात त्या येथेही कचरल्या नाहीत. इंग्लंडमधील लोकमताचा परिणाम मात्र मेम्फिसपर्यंत पोहोचला, कारण तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जात होता. १८९४ मध्ये शहराजवळ सहा कृष्णवर्णीयांची हत्या झाली, तेव्हा प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी जाहीर निषेध केला आणि विधवांसाठी वर्गणी जमवली. आरोपी अखेर सुटले, हेही खरे.

१८९५ मध्ये शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील आयुष्यात मानापेक्षा उपेक्षा अधिक मिळाली. १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या मूळ समितीच्या यादीतून त्यांचेच नाव प्रथम गळले होते. १९१३ मध्ये वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात त्यांना मागच्या रांगेत चालण्यास सांगण्यात आले. त्या आपल्या राज्याच्या गोऱ्या भगिनींबरोबरच चालल्या. १९१९ मध्ये आर्कान्सा राज्यात कापसाला रास्त भाव मागणाऱ्या कृष्णवर्णीय कुळांची कत्तल झाली आणि त्यांच्यातल्याच बाराजणांना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. त्यांना भेटण्यासाठी आयडा आप्ताच्या वेशात तुरुंगात शिरल्या. ते परलोकाची गाणी गात होते. मरणाची नव्हे, सुटकेची प्रार्थना करा, असे त्यांनी बजावले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यांबाबत महत्त्वाचा निर्णय दिला आणि कालांतराने ते बाराहीजण सुटले.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागोत आयडा यांचे निधन झाले. आत्मचरित्र अपुरेच राहिले. ते कन्येने संपादित करून १९७० मध्ये प्रसिद्ध केले. २०२० मध्ये पुलित्झर मंडळाने त्यांच्या पत्रकारितेचा मरणोत्तर गौरव केला. झुंडहत्येविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा यासाठी त्या आयुष्यभर झगडल्या, तो मार्च २०२२ मध्ये संमत झाला. मॉस यांच्या हत्येला तेव्हा १३० वर्षे झाली होती.

कायद्याला इतका काळ लागला, कारण समजुती न्यायालयात आणि कायदेमंडळात बसलेल्यांच्याही मनात असतात. त्या बदलण्याचा आयडा वेल्स यांचा मार्ग आजही कोणाही सुशिक्षिताला खुला आहे. मारल्या गेलेल्या अनोळखी माणसाबद्दल त्याने काहीतरी केले असेल असे म्हणण्यापूर्वी, तो आपला मित्र असता तर आपण कोणते प्रश्न विचारले असते, एवढे स्वतःला विचारावे. आणि मग ते प्रश्न मोठ्याने विचारावेत.